सांगली जिल्ह्यातील भूजल आणि पाण्याची गुणवत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यात पश्चिमेला शिराळ्याच्या डोंगरांवर पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांत वर्षाची सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास असते. पाऊस असा वेगवेगळा असला तरी ग्रामसभेत आणि बांधावर पाण्याबद्दल विचारले जाणारे प्रश्न मात्र जवळजवळ सारखेच असतात. त्यांची उत्तरे येथे शक्य तेथे हिशेबासह दिली आहेत.

प्रश्न : जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात, हे खरे आहे का?

आपल्या भागापुरते बोलायचे तर नाही. चुनखडीच्या प्रदेशात जमिनीखाली गुहा आणि वाहते प्रवाह असू शकतात, पण आपल्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड होऊन त्यांचा हा खडक झाला. प्रत्येक थराचा खालचा भाग सहसा घट्ट असतो, तर वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांमुळे पडलेल्या पोकळ्या असतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा आढळतो. भूजल राहते ते या खडकाच्या भेगांत, सांध्यांत, पोकळ्यांत आणि सर्वांत वरच्या झिजलेल्या मुरमात. विहीर खोदताना एका बाजूने बोटभर झरा लागतो आणि समोरची बाजू कोरडी ठणठणीत राहते, त्याचे कारण हेच. भेग जेथे आहे तेथे पाणी आहे. जेथे खडक अभंग आहे तेथे कितीही खोदले तरी ओल लागत नाही.

पाणी साठवून ठेवणाऱ्या आणि विहिरीला ते देऊ शकणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. बेसाल्टचा जलधर फार कंजूष आहे. भिजलेल्या खडकाच्या एकूण आकारमानापैकी साधारण १ ते ३ टक्के एवढेच पाणी त्यातून सुटून विहिरीत येते. नदीकाठच्या वाळूच्या थरातून हेच प्रमाण कितीतरी जास्त असते.

प्रश्न : पडलेल्या पावसापैकी किती पाणी मुरते?

खडक कोणता, जमिनीचा उतार किती आणि पाऊस कसा पडला, यावर ते ठरते. भूजलाचा अंदाज बांधताना झिजलेल्या बेसाल्टसाठी पावसाच्या ६ ते ८ टक्के आणि भेगाळ, सच्छिद्र बेसाल्टसाठी १२ ते १४ टक्के पाणी मुरते असे धरण्याची पद्धत आहे. समजुतीसाठी मध्यम आकडा म्हणून १० टक्के घेऊ. ५०० मिलिमीटर पावसातले ५० मिलिमीटर पाणी खाली गेले, म्हणजे एका हेक्टरवर ५ लाख लिटर पाणी जमा झाले. खडकातून सुटणारे पाणी २ टक्के धरले, तर एवढ्या पाण्याने विहिरीची पातळी अडीच मीटर चढते. पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब झालेली पाहून पाणी भरपूर आहे असे वाटते; प्रत्यक्षात ती अडीच मीटरची चढ म्हणजे फक्त ५ सेंटिमीटर पाणी असते, आणि म्हणूनच ती दिवाळीनंतर झपाट्याने उतरते.

आता खर्चाची बाजू पाहू. पाटाने भिजवलेल्या उसाला जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत विहिरीतून वर्षाला १५०० मिलिमीटर पाणी दिले असे धरले, तर एका हेक्टरला दीड कोटी लिटर लागतात. म्हणजे एक हेक्टर ऊस तीस हेक्टर रानात मुरलेले पाणी पिऊन टाकतो. दोन हजार वस्तीच्या गावाला जल जीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर दिले, तर वर्षाला सुमारे चार कोटी लिटर लागतात, आणि तेवढे पाणी पावणेतीन हेक्टर उसात संपते. पाण्याची टंचाई पाऊस कमी पडल्याने येते हे अर्धेच खरे आहे. मुरलेले पाणी कोणत्या पिकावर जाते, हा उरलेला अर्धा भाग ग्रामसभेत क्वचितच चर्चेला येतो.

प्रश्न : विहिरीला पाणी नाही, बोअर खोल घेतली तर लागेल का?

लागेलही, पण त्यावर भरवसा ठेवण्यासारखे नाही. बेसाल्टमधील पाण्याचा मुख्य साठा वरच्या झिजलेल्या आणि भेगाळ पट्ट्यात, म्हणजे साधारण ५० ते १०० फुटांत असतो. जसजसे खाली जावे तसतशा भेगा विरळ होतात आणि मिटत जातात. एखाद्या बोअरला ४०० फुटांवर लाल मातीच्या वरच्या थरात चांगले पाणी लागते, परंतु त्या भेगेपर्यंत पावसाचे पाणी पोहोचायला अनेक वर्षे लागलेली असू शकतात. असे पाणी पहिले दोन उन्हाळे जोरात येते आणि नंतर मोटर अर्ध्या तासात हवा ओढू लागते. शिवाय खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिल्याने त्यात क्षारही जास्त असण्याचा संभव असतो.

खोल बोअरचा आणखी एक दुष्परिणाम फारसा बोलला जात नाही. केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला आधाराचा पाईप, फक्त वरची माती ढासळू नये एवढेच टाकलेले असते, त्यामुळे वरच्या थरातले पाणी बोअरच्या भोकातून खालच्या कोरड्या भेगांत उतरते. म्हणजे बोअरला पाणी लागले नाही तरी शेजारच्या विहिरीचे पाणी मात्र ती खाली नेते. सोडून दिलेल्या बोअर म्हणूनच बुजवून टाकाव्यात. उघडे भोक लहान मुलांच्या जिवालाही धोकादायक असते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : शेजाऱ्याने बोअर घेतली आणि माझी विहीर आटली. असे होऊ शकते का? कायदा काय म्हणतो?

होऊ शकते. दोन्हींचे पाणी एकाच भेगेतून किंवा एकाच थरातून येत असेल, तर खोल आणि जास्त ताकदीची मोटर असलेला पाणी ओढून नेतो. मात्र प्रत्येक वेळी दोष शेजाऱ्याचाच असतो असे नाही. त्याच वर्षी पाऊस कमी झालेला असतो किंवा गावात एकूणच वीस नव्या बोअर झालेल्या असतात. खात्री करायची तर शेजारची मोटर चालू असताना आणि बंद असताना आपल्या विहिरीची पातळी दर तासाला मोजावी; भांडण चावडीवर नेण्याआधी एवढे करणे अवघड नाही.

कायद्याची स्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचे पाणी काढून वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे, आणि बहुतेकांच्या डोक्यात आजही तेवढेच आहे. परंतु १९९३ च्या राज्य कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेण्यावर बंधन आणले. त्यानंतर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा २०१४ पासून अमलात आला. त्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. पूर्व भागात पाचशे-आठशे फुटांच्या बोअर सर्रास होत असताना हे वाक्य वाचून हसू येईल, पण तरतूद अशी आहे.

प्रश्न : पाणाड्याकडून जागा दाखवून घ्यावी का?

हातावर नारळ उभा करून किंवा काठी फिरवून पाणी सापडते, याला शास्त्रीय आधार नाही. पाणाड्याचे अंदाज कधी कधी खरे ठरतात, कारण त्याने त्या परिसरातल्या शेकडो विहिरी पाहिलेल्या असतात. ओढ्याचे वळण, उंबराचे झाड आणि जमिनीचा उतार यांवर त्याची नजर असते. ही नजर मोलाची आहे, नारळ नाही. विजेचा प्रवाह जमिनीत सोडून खडकाचा विरोध मोजण्याची पद्धत अधिक भरवशाची आहे. तीही पाण्याची हमी देत नाही. भेगाळ थर कोठे आणि किती खोलीवर असण्याची शक्यता आहे, एवढेच ती सांगते.

प्रश्न : ओढ्यातली, नदीतली वाळू उपसल्याने विहिरींवर परिणाम होतो का?

होतो, आणि येरळा, अग्रणी व माणगंगा या नद्यांच्या काठच्या गावांनी तो सोसला आहे. या नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या दिसतात, पण पात्रातल्या वाळूत पाणी असते. वाळूच्या आकारमानाच्या पाचव्या भागाएवढे, कधी त्याहून जास्त पाणी तिच्यातून मिळू शकते, आणि वर वाळूचे पांघरूण असल्याने त्याची वाफ कमी होते. पूर्वी उन्हाळ्यात पात्रात झिरा खणून घागर भरत, ते याच पाण्याने. पूर आल्यावर वाळू पाणी धरून ठेवते आणि दोन्ही काठांच्या विहिरींना हळूहळू देत राहते. वाळू खडकापर्यंत खरवडून काढली की पुराचे पाणी सरळ वाहून जाते. एवढेच नव्हे, तर काठच्या विहिरींचेच पाणी खोल झालेल्या पात्राकडे निथळू लागते. खानापूर तालुक्यात बलवडीजवळ येरळेवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणामागे हाच वाळू आणि पाण्याचा प्रश्न होता.

प्रश्न : म्हैसाळ, टेंभू, ताकारीचे पाणी आले, आता भूजलाची काळजी कशाला?

उपसा योजनांचे पाणी तलावांत आणि ओढ्यांत सोडले जाते तेथे आसपासच्या विहिरींना निश्चितच फायदा होतो, आणि कवठे महांकाळ, आटपाडीच्या अनेक गावांनी तो अनुभवला आहे. मात्र हे पाणी शेकडो फूट उचलून आणलेले आहे, त्याला विजेचे बिल आहे आणि आवर्तन कधी मिळेल हे आपल्या हातात नाही. आवर्तनांच्या मधल्या काळात पिके जगतात ती विहिरींवर.

दुसरी बाजू पाहायची असेल तर पूर्वेकडून कृष्णाकाठी यावे. वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांच्या खोल काळ्या जमिनींत वर्षानुवर्षे ऊस आणि पाटपाणी चालू आहे. तेथे भूजल खाली गेलेले नाही, ते वर आले आहे. पाणीपातळी मुळांच्या जवळ आली की काळ्या मातीतून पाणी वर चढते, पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. काही वर्षांत रानावर पांढरा थर दिसू लागतो, उगवण होत नाही आणि एके काळी जिल्ह्यात सर्वांत महाग असलेली जमीन क्षारपड म्हणून पडून राहते. एकाच जिल्ह्यात पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतराने एका ठिकाणी भूजल संपते म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी ते साचते म्हणून शेती बुडते. क्षारपड जमिनीत मीटर-दीड मीटर खोलीवर सच्छिद्र पाईप टाकून निचरा करणे हा उपाय चालतो, पण तो एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही, कारण निचऱ्याचे पाणी नेऊन सोडायला सगळ्या शिवाराचा एक चर लागतो. निचरा न करता नुसते जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे.

प्रश्न : शेततळ्यामुळे भूजल वाढते ना?

तळाला कागद नसलेले आणि पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणारे शेततळे असेल तर वाढते. द्राक्ष आणि डाळिंबाच्या पट्ट्यात दिसणारी बहुतेक शेततळी मात्र प्लास्टिकचा कागद अंथरलेली असतात आणि ती विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरली जातात. अशा तळ्याने भूजलात थेंबाची भर पडत नाही. उलट जमिनीखाली सावलीत असलेले पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. तीस मीटर लांबी-रुंदीच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर वाफ धरली, तरी रोज ५४०० लिटर पाणी उडून जाते. फळबाग वाचवण्यासाठी एखाद्या शेतकऱ्याला तो मार्ग घ्यावा लागत असेल, त्याला दोष देता येत नाही. मात्र त्याला जलसंधारण म्हणू नये.

प्रश्न : पाणी स्वच्छ दिसते, चवीला गोड लागते. मग तपासायचे कशाला?

कारण जी दूषिते सर्वांत जास्त त्रास देतात त्यांना रंग, वास, चव यांपैकी काहीच नसते. मैल्यातून आलेले जंतू, नायट्रेट आणि फ्लोराईड जिभेला कळत नाहीत. उलट जे मचूळ लागते ते पाणी पुष्कळदा केवळ क्षारांमुळे तसे असते आणि त्याने लगेच कोणी आजारी पडत नाही.

बाजारात मिळणाऱ्या छोट्या टीडीएस मीटरबद्दलही हेच सांगावे लागेल. तो पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे, पिण्याच्या पाण्यात हे क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. मीटरवर २५० आकडा आला म्हणून पाणी पिण्यायोग्य ठरत नाही, कारण त्यात अतिसाराचे जंतू असले तरी आकडा बदलत नाही. दारोदार फिरून मीटर दाखवत यंत्रे विकणाऱ्यांना हे माहीत नसते किंवा ते सांगत नाहीत.

प्रश्न : आमच्या बोअरचे पाणी जड आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. त्याने मुतखडा होतो का?

जडपणा किंवा कठीणपणा हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येतो, आणि बेसाल्ट झिजताना हे दोन्ही पाण्यात उतरतात. म्हणून आपल्याकडे जड पाणी ही नेहमीची बाब आहे. मानकाप्रमाणे एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि नाइलाज असेल तर ६०० पर्यंत चालतो. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्याने कमी होतो, आणि पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर तोच असतो. सल्फेट आणि क्लोराईड यांमुळे आलेला मात्र उकळून जात नाही.

मुतखड्याची भीती गावोगाव आहे, पण जड पाण्यानेच मुतखडा होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. उन्हातान्हात काम करून पुरेसे पाणी न पिणे हे त्याचे जास्त मोठे कारण आहे. पाणी जड लागते म्हणून कमी पिणारा माणूस आपला धोका वाढवतोच.

प्रश्न : नायट्रेट म्हणजे काय आणि ते विहिरीत कोठून येते?

युरियासारखी खते, जनावरांचा गोठा, उकिरडा आणि शौचालयाचा खड्डा या सर्वांतला नत्र शेवटी मातीत नायट्रेट होतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि मातीच्या कणांना चिकटून राहत नाही, त्यामुळे जास्त पाणी दिले की मुळांच्या खाली निघून जातो. पिकाला दिलेला युरिया असा विहिरीत उतरतो, आणि शेतकरी पुन्हा युरिया घालतो. मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सूट नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि अंग निळसर पडू शकते. अशा घरात बाळासाठी वेगळ्या, तपासलेल्या स्रोताचे पाणी आणावे.

नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. तुरटी, कापडाची गाळणी, टीसीएल (जंतू मारण्याची क्लोरीनची पावडर) यांपैकी कशानेही तो निघत नाही. म्हणून विहिरीपासून उकिरडा दूर हलवणे आणि शोषखड्डा निदान ५० फुटांवर ठेवणे हे यंत्रापेक्षा स्वस्त पडते. तेही अंतर मातीच्या जमिनीसाठी ठीक आहे. खडक उघडा आणि भेगाळ असेल तर पाणी भेगेतून गाळल्याशिवायच पुढे जाते, तेव्हा अंतर जितके वाढवता येईल तितके वाढवावे आणि खड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला घ्यावा.

प्रश्न : मग आरओ, म्हणजे पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारे यंत्र, बसवावे का?

क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराईड मर्यादेबाहेर असल्याचा अहवाल हातात असेल, तर बसवावे. फ्लोराईडची मर्यादा १ मिलिग्रॅम आणि नाइलाजाने दीड मिलिग्रॅम आहे. राज्यात हा त्रास यवतमाळ, चंद्रपूर या भागांत अधिक ज्ञात आहे, तरी आपल्याकडच्या खोल बोअरचीही एकदा तपासणी करून घ्यावी. प्रश्न फक्त जंतूंचा असेल तर उकळणे किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन हे पुरेसे आहे. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी टाकून देते, आणि टँकरवर जगणाऱ्या वस्तीत याचा विचार व्हायला हवा. ते सांडपाणी जास्त खारट असते. भांडी, फरशी यांसाठी चालेल, परसातल्या झाडांना रोज घालू नये.

प्रश्न : विहिरीत टीसीएल पावडर किती टाकावी?

आधी पाणी किती आहे ते काढावे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि नंतर ७८५ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. पाच मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर ७८,५०० लिटर होतात. चांगल्या प्रतीची, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, त्या हिशेबाने या विहिरीला सुमारे २०० ग्रॅम. पाणी गढूळ असेल किंवा पावडर जुनी असेल तर जास्त लागेल. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटे निवळू द्यावी, वरचे पाणी विहिरीत सोडावे आणि चुन्याचा गाळ टाकून द्यावा; गाळासकट टाकल्यास पाणी आणखी जड होते. अर्ध्या तासानंतरच पाणी वापरावे.

प्रमाण बरोबर झाले की नाही हे ओटी (ऑर्थोटोल्युडीन) द्रावणाच्या चाचणीने कळते. शेवटच्या नळाच्या पाण्यात द्रावण टाकल्यावर लगेच पिवळा रंग आला पाहिजे, म्हणजे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे. टाकीजवळच्या नळावर चाचणी घेऊन वहीत सही करणे हा प्रकार बंद व्हायला हवा. चाचणी केलेले पाणी पिऊ नये. पावडर उघड्या पोत्यात, उन्हात किंवा ओलीत ठेवली तर तिचा क्लोरीन उडून जातो आणि आपण नुसता चुना टाकत राहतो.

प्रश्न : महापुरात विहीर बुडाली होती. आता पाणी वापरता येईल का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णा-वारणाकाठच्या गावांत हा प्रश्न घरोघरी होता. पुराच्या पाण्यात मैला, मेलेली जनावरे, खते, औषधे, डिझेल असे सर्व काही मिसळलेले असते. म्हणून तळाच्या गाळासह विहीर पूर्ण उपसावी, नवे पाणी आल्यावर नेहमीपेक्षा बरीच जास्त टीसीएल घालून एक दिवस तशीच ठेवावी, पुन्हा उपसावी आणि नंतर जंतुतपासणी करून घ्यावी. आजूबाजूचे रान अजून पाण्याने भरलेले असताना विहीर एकदम उपसू नये, कारण बाहेरच्या पाण्याच्या दाबाने जुने बांधकाम आत ढासळते. अहवाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे.

प्रश्न : नमुना कसा घ्यावा आणि कोठे द्यावा?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याची तपासणी होते. ग्रामपंचायतीमार्फत नमुना देणे सोयीचे पडते. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळून काठोकाठ भरावी. शीतपेयाची, तेलाची किंवा औषधाची बाटली नेऊ नये. बोअरचा नमुना मोटर दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर घ्यावा, नाहीतर पाईपमधले शिळे पाणी तपासले जाते. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, ती खंगाळू नये, आणि नमुना बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा अशी दोनदा तपासणी व्हावी. गावातल्या पाच महिलांना संच देऊन प्राथमिक तपासणी शिकवण्याची सोय जल जीवन मिशनमध्ये आहे. तुमच्या गावचा संच कोणाच्या कपाटात आहे, हे एकदा विचारून पाहावे.

प्रश्न : शेतीच्या पाण्याच्या अहवालात काय पाहावे?

तीन आकडे पाहावेत. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते त्यावरून क्षारांचे माप, मीटरला ०.७५ डेसीसायमनपर्यंत असेल तर पाणी सामान्यतः निर्धोक, त्यापुढे २.२५ पर्यंत जपून वापरण्याचे आणि त्याहून जास्त असेल तर बहुतेक पिकांना नको. सोडियमचे शोषण गुणोत्तर (एसएआर) १० च्या आत असावे. उरलेला सोडियम कार्बोनेट (आरएससी) १.२५ च्या आत चांगला आणि अडीचच्या वर वाईट. द्राक्षाला खारे पाणी लवकर बाधते. पानांच्या कडा करपू लागल्या की औषध फवारण्याआधी पाण्याचा अहवाल काढावा. असे पाणी हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत काही काळ खपते, भारी काळ्या जमिनीत खपत नाही.

प्रश्न : बोअरचे पुनर्भरण करावे का?

घराच्या छपराचे पाणी असेल तर जरूर करावे. शंभर चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा भाग वाया गेला, तरी ४० हजार लिटर पाणी मिळते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर सोडावे आणि त्यानंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतून आत घ्यावे. शेतातून वाहून आलेले पाणी मात्र थेट बोअरमध्ये कधीही सोडू नये. त्यात गाळ असतो, खते आणि फवारणीची औषधे असतात, आणि मातीतून हळूहळू मुरताना होणारी गाळणी टाळून आपण ती सरळ जलधरात ओततो. अशा पाण्यासाठी समतल चर, नालाबांध आणि पाझर तलाव हेच योग्य आहेत.

प्रश्न : गावाचा पाण्याचा हिशेब गावालाच ठेवता येईल का?

येतो, आणि त्याला तज्ज्ञ लागत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. गावाने शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून आठ-दहा विहिरी निवडाव्यात, कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत तारखेसह लिहावे. मोजण्यापूर्वी काही तास मोटर बंद असावी. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक असेल तर पावसाचा आकडाही आपलाच असतो. ऑक्टोबरची पातळी मागच्या वर्षीपेक्षा दीड मीटर खाली दिसली, तर रब्बीत गहू किती आणि हरभरा किती, हे पेरणीपूर्वी ठरवता येते. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने गावांच्या जलसंधारणाच्या २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा तेथील चरांची आणि बांधांची छायाचित्रे सर्वत्र पोहोचली. पाणी अडवल्यानंतर ते कसे वापरायचे, याचा निर्णय मात्र प्रत्येक गावाला दर ऑक्टोबरमध्ये नव्याने घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ही वही लागते.